स्मृतिभ्रंश आणि स्मरण : सुटलेले व्यसन परत का येते?

परमार्गाचा उपदेश घेऊ इच्छिणाऱ्या वासनिकास प्रथम सप्तव्यसनांचा त्याग सांगितला जातो. द्यूत, मद्य, मांस, चौर्य, मृगया, वेश्यागमन आणि परदारागमन ही ती सात व्यसने होत. यांपैकी मद्याचा त्याग घडतो तेव्हा घरात जो आनंद होतो, तो अन्य त्यागाने क्वचितच होत असेल. कारण मद्याने ते घर अगोदरच पोखरलेले असते. पत्नीच्या जिवात जीव येतो, मुले बापाजवळ बसू लागतात, देणेकरी दारात थांबेनासा होतो. परंतु अनेक ठिकाणी असे दिसते की सहा महिने, वर्ष, कधी पाच वर्षेही हा त्याग टिकतो आणि मग एके दिवशी तोच मनुष्य पुन्हा गुत्त्याच्या वाटेवर दिसतो. गावात कुजबुज सुरू होते. कोणी म्हणतो, त्याचा त्याग मुळातच खोटा होता. कोणी उपदेशालाच दोष देतो. त्या मनुष्यालाही तोंड दाखविण्याची लाज वाटते आणि तो ज्या सत्संगाने सावरला असता त्याच सत्संगापासून दूर पळतो.

अशा प्रसंगी तीन प्रश्न उपस्थित होतात. सोडलेले व्यसन परत येते ते कोणत्या क्रमाने? त्या पतनाचा दोष कोणत्या ठिकाणी मानावा? आणि पतित झालेल्याशी परमार्गीयांनी कसे वागावे? या तिन्ही प्रश्नांचा विचार श्रीमद्भगवद्गीता, सर्वज्ञ श्रीचक्रधर प्रभूंची आचारविषयक आज्ञा आणि आजच्या वैद्यकशास्त्राचा अनुभव यांच्या आधारे करणे इष्ट होय.

विषय जातो, रस राहतो

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ५९ व्या श्लोकात भगवान श्रीकृष्ण एक सूक्ष्म भेद दाखवितात. आहार तोडलेल्या मनुष्यापासून विषय निवृत्त होतात, पण त्या विषयांविषयीचा रस मात्र शिल्लक राहतो. तो रस परतत्त्वाच्या दर्शनानेच निवृत्त होतो, असा त्या श्लोकाचा आशय आहे. व्यसनत्यागास हा भेद पूर्णपणे लागू पडतो. पेला हातातून सुटणे ही एक घटना आहे, पेल्याची गोडी मनातून सुटणे ही दुसरी. पहिली घटना एका दिवसात घडते. दुसरीला वर्षे लागतात. पहिलीलाच दुसरी समजणे ही पुनःपतनाची पूर्वतयारी होय. 'आता मला काही होत नाही, मी गुत्त्यात बसूनही कोरडा उठेन' असे जो सांगू लागतो, त्याने विषयाची निवृत्ती साधली असेल. रसाची निवृत्ती त्याच्या ठिकाणी झालेली नाही, हे त्याच्या याच बोलण्यावरून ओळखावे.

पतनाची परंपरा

त्याच अध्यायातील ६२ व ६३ या श्लोकांत नाशाची परंपरा सांगितली आहे. विषयांच्या चिंतनापासून संग, संगापासून काम, कामापासून क्रोध, क्रोधापासून संमोह, संमोहापासून स्मृतिभ्रंश, स्मृतिभ्रंशापासून बुद्धिनाश आणि अखेर सर्वनाश, असा हा क्रम आहे. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणारे डॉक्टर 'रिलॅप्स'चे वर्णन करतात, तेव्हा तेही हेच सांगतात की पहिला घोट हा पतनाचा आरंभ नसून शेवटाजवळचा टप्पा असतो. त्याच्या आधी कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे, मनात पतन चाललेले असते.

विदर्भातील एखाद्या कास्तकाराचे उदाहरण कल्पून हा क्रम पाहता येईल. दोन वर्षे त्याने दारूला स्पर्श केलेला नाही. दिवाळीनंतर कापूस विकला जातो आणि हाती रोख रक्कम येते. पूर्वी अशा दिवशी काय करीत होतो, याचे चित्र मनात उभे राहते. हे झाले चिंतन. त्या चित्राला तो घालवीत नाही, उलट त्यात रमतो, हा संग. मग 'एवढे राबलो, एवढे तरी आपल्या वाट्याला यावे' असे वाटू लागते, हा काम. घरी बायकोने पैशाचा हिशेब विचारला की तो चिडतो, सकाळचे स्मरण टळते, झोप मोडते, हा क्रोध. 'दारू नको, पण जुन्या सोबत्यांना भेटायला काय हरकत आहे' ही पळवाट त्याला खरी वाटू लागते, हा संमोह. यानंतर स्मृतिभ्रंश होतो. बुद्धी आपले काम सोडते आणि हात आपोआप पुढे जातो. गावाला फक्त हात दिसतो. आधीचे सहा टप्पे कोणी पाहिलेले नसतात, आणि बहुधा त्यानेही पाहिलेले नसतात.

स्मृतिभ्रंश म्हणजे काय?

येथे एक शंका संभवते. ज्याने दारूपायी शेत गहाण टाकले, जो रुग्णालयात पडून राहिला, त्याला हे सारे विसरणे शक्य आहे काय? स्मृती कशी नष्ट होईल?

याचे समाधान असे की स्मृतिभ्रंश म्हणजे स्मृतीचा संपूर्ण लोप नव्हे. व्यसनी मनुष्याला मद्य चांगलेच आठवते. किंबहुना त्याला ते अधिक स्पष्ट आठवते. पण आठवते ते अर्धेच. पहिल्या घोटाची ऊब आठवते, सोबत्यांचे हसणे आठवते. पहाटे थरथरणारे हात, बापाची चाहूल लागताच दाराआड दडणारे पोर आणि सावकाराच्या ओट्यावर खाली घातलेली मान आठवत नाही. सुखाचा अंश उरतो आणि दुःखाचा अंश गळतो. असे अर्धवट स्मरण वस्तूचे यथार्थ ज्ञान देत नाही. परमार्गाच्या परिभाषेत बोलायचे तर ते अन्यथाज्ञानच होय.

रोग विस्मरणाचा असेल तर औषध स्मरणाचे असले पाहिजे. परमेश्वराचे नाम, मूर्ती, लीळा आणि चेष्टा यांचे स्मरण हा परमार्गातील नित्याचा आचार आहे. व्यसन सोडलेल्याच्या बाबतीत या स्मरणाला आणखी एका स्मरणाची जोड द्यावी लागते. ती जोड म्हणजे आपल्या पूर्वदशेचे अखंड, काही न वगळता केलेले स्मरण. काही व्यसनमुक्त माणसे व्यसनामुळे काय काय गमावले याची यादी कागदावर लिहून खिशात बाळगतात आणि ओढ लागली की ती वाचतात. हा उपाय साधा वाटतो. पण ज्या ठिकाणी साखळी तुटायची, नेमक्या त्या ठिकाणी तो घाव घालतो. ओढीची लाट चढते तशी ओसरतेही, आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत तिचा जोर उतरतो. तेवढा वेळ नामाने, त्या कागदाने आणि कोणा विश्वासू माणसाच्या सोबतीने काढता आला तर तो दिवस निभावतो.

स्थानाचा आणि दर्शनाचा दोष

सूत्रपाठात विषयांची विपुलता असलेल्या देशी साधकाने जाऊ नये, अशी आज्ञा आहे. भिक्षूने चित्रातील स्त्रीरूपाकडेही दृष्टी लावू नये, असेही तेथे सांगितले आहे. आधुनिक मनाला या आज्ञा अतिरेकी वाटतात. ज्याचे मन दृढ आहे त्याला स्थान काय करील, चित्र काय करील, असे विचारले जाते. परंतु या आज्ञा मनाच्या दुर्बलतेचे जे ज्ञान गृहीत धरतात, त्याला आजच्या संशोधनाने पुष्टीच मिळाली आहे.

व्हिएतनामच्या युद्धात अनेक अमेरिकन सैनिक तेथे हेरॉइनसारख्या अमली पदार्थांच्या आधीन झाले होते. १९७१ मध्ये मायदेशी परतलेल्या सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स या संशोधिकेने केला. तेथे व्यसनाधीन झालेल्यांपैकी परतल्यानंतरच्या तीन वर्षांत सुमारे १२ टक्केच पुन्हा त्या अवस्थेत गेले, असे तिला आढळले. देश बदलणे हे याचे एकमेव कारण नव्हते. तथापि ज्या परिसरात व्यसन जडले तो परिसर सुटणे केवढे साहाय्यक ठरते, हे त्यावरून कळते. उलटपक्षी, रुग्णालयातून बरा होऊन निघालेला मनुष्य त्याच गल्लीत, त्याच सोबत्यांत, त्याच दुकानासमोर परततो तेव्हा त्याच्यावर केवढा भार पडतो, हेही कळते.

दर्शनाविषयीचा दुसरा प्रयोग अधिक आश्चर्यकारक आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोकेनच्या व्यसनावर उपचार घेणाऱ्या पुरुषांना व्यसनाशी संबंधित चित्रे केवळ ३३ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या सुमारे तिसाव्या भागाइतका काळ दाखविण्यात आली. आपण काही पाहिले हे त्यांच्या जाणिवेत उतरले नाही. तरीही मेंदूतील वासनेशी संबंधित भाग चेतवले गेल्याचे यंत्राने टिपले. मनुष्य 'मी पाहिलेच नाही' असे प्रामाणिकपणे म्हणत असतानाही आत ठिणगी पडू शकते. तेव्हा गुत्त्यावरून जाणारी जवळची वाट टाकून लांबची वाट धरणे यात भित्रेपणा नाही. वरातीत बाटली फिरू लागताच तेथून उठून जाणे यात उद्धटपणा नाही. बाजाराच्या दिवशी पैसे स्वतःजवळ न ठेवता पत्नीच्या किंवा भावाच्या हाती देणे यात कमीपणा नाही. ही आज्ञापालनाचीच रूपे होत.

विजन आणि एकाकीपण

यावर पूर्वपक्ष असा करता येईल : परमार्गात विजनाची महती सांगितली आहे, भिक्षूने एकांत सेवावा असा विधी आहे, आणि वैद्यक तर सांगते की भूक, क्रोध, एकाकीपण आणि थकवा या चार अवस्था पुनःपतनाच्या विशेष जवळच्या आहेत. मग एकांत चांगला की वाईट?

विजन आणि एकाकीपण या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे याचे उत्तर. विजनात भिक्षू मनुष्यांपासून दूर असतो, पण स्मरणाने परमेश्वराच्या सन्निध असतो; ते विजन ज्ञान ग्रहण केल्यानंतर, आज्ञेप्रमाणे स्वीकारलेले असते. व्यसनी मनुष्याचे एकाकीपण निराळे. तेथे माणसे नाहीत आणि स्मरणही नाही. त्या रिकाम्या जागेत विषयचिंतनच येऊन बसते. म्हणून नुकतेच मद्य सोडलेल्या गृहस्थाने विजनाच्या नावाखाली लोकांपासून तुटू नये. त्याचा अधिकार प्रथम सत्संगाचा आहे. पारायण, स्थानवंदन, ज्येष्ठ साधूंची भेट, वेळेवर भोजन, वेळेवर निद्रा आणि शरीराला झेपेल असे काम या साध्या नियमांनीच त्याचे रक्षण होते.

घरच्यांनी आणि सोबतच्या साधकांनी ओळखावयाची चिन्हेही या साध्या नियमांतच दिसतात. नित्याचे स्मरण टळू लागणे, पारायणास न येण्याची कारणे वाढणे, लहानसहान गोष्टींवरून चिडणे, पैशाचा हिशेब लपविणे, जुन्या सोबत्यांची नावे पुन्हा बोलण्यात येणे, पूर्वीच्या पिण्याच्या गोष्टी रंगवून सांगणे, 'दारू सोडली आहे, ताडीने काय होते' असा वाद घालणे आणि औषधे परस्पर बंद करणे, ही ती चिन्हे होत. यांपैकी एखादे दिसले म्हणून आरोप करू नये. आरोपाने मनुष्य अधिक लपवू लागतो. 'अलीकडे तुमचे मन कोठे आहे?' असे जवळ बसून विचारावे. साखळीच्या पहिल्या-दुसऱ्या कडीवर विचारलेला हा प्रश्न पुष्कळ काही वाचवू शकतो.

दोष कोठे मानावा?

आता मूळ नैतिक प्रश्नाकडे वळता येईल. एक पक्ष म्हणतो : त्याने शपथ घेतली व मोडली, तो सर्वस्वी दोषी आहे. दुसरा पक्ष म्हणतो : व्यसन हा मेंदूचा आजार आहे, आजाऱ्याला दोष कसला? पहिल्या पक्षाने करुणा नाहीशी होते, तर दुसऱ्याने पुरुषार्थ.

गीतेतील क्रम लक्षात घेतला तर दोन्ही पक्षांतील अंशतः सत्य जागच्या जागी बसते. बुद्धिनाशाच्या टप्प्यावर मनुष्याचे स्वातंत्र्य जवळजवळ संपलेले असते. तेथे 'तू हात का आवरला नाहीस' असे विचारणे व्यर्थ आहे. पण चिंतनाच्या व संगाच्या टप्प्यावर तो स्वतंत्र होता. मनात आलेल्या चित्रावर त्याचा ताबा नसेल, त्या चित्रापाशी बसून राहण्यावर होता. लांबची वाट धरणे त्याच्या हाती होते, कोणाला तरी सांगणे त्याच्या हाती होते. म्हणून त्याची जबाबदारी शेवटच्या पेल्यापाशी न शोधता या लहानशा, कोणाच्या लक्षातही न येणाऱ्या निवडींपाशी शोधावी. जबाबदारी अशी मांडली म्हणजे ती कमी होत नाही, उलट रोजची होते; आणि रोजची असल्यामुळे पार पाडता येण्याजोगीही होते.

आजाराच्या पक्षातही तथ्य आहे. २००० मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या विवेचनानुसार व्यसनाच्या उपचारानंतर पुन्हा व्यसनाकडे वळणाऱ्यांचे प्रमाण ४० ते ६० टक्के असते. आणि रक्तदाब व दमा यांच्या रुग्णांत लक्षणे पुन्हा उफाळण्याचे प्रमाण ५० ते ७० टक्के असते. पथ्य मोडून रक्तदाब वाढलेल्याला कोणी पाखंडी म्हणत नाही. त्याला पुन्हा पथ्यावर आणले जाते. व्यसनी मनुष्याच्या बाबतीत हाच न्याय लावण्यास समाज का कचरतो, याचा विचार झाला पाहिजे.

पतनानंतर

पुनःपतनात दोन पतने असतात. पहिले घोटाचे. दुसरे, 'आता सर्व गेलेच' या विचाराचे. व्यसनविषयक मानसशास्त्राचे अभ्यासक ॲलन मार्लट यांनी दाखविले आहे की एका चुकीचे रूपांतर संपूर्ण पतनात होते ते पुष्कळदा या दुसऱ्या विचारामुळे. व्रत मोडलेच आहे तर अर्धे काय आणि पूर्ण काय, असे म्हणून मनुष्य बुडी घेतो. याला कोणी अनुताप समजेल. पण तो अनुताप नव्हे. अनुतापाने मनुष्य दोष निवेदन करण्यास व प्रायश्चित्त घेण्यास पुढे येतो. निराशेने तो तोंड लपवितो.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने नेमका हाच प्रश्न विचारला आहे. श्रद्धा असूनही ज्याचे मन योगापासून ढळले, तो फुटलेल्या ढगाप्रमाणे दोन्हीकडून भ्रष्ट होऊन नष्ट तर होत नाही ना? ४० व्या श्लोकात भगवंत त्याला वात्सल्याने सांगतात की अशा मनुष्याचा विनाश इहलोकीही नाही व परलोकीही नाही. कल्याणाचे आचरण करणारा कोणीही दुर्गतीस जात नाही. पडण्यापूर्वीची दोन वर्षे पतनाने पुसली जात नाहीत, असे आश्वासन यातून मिळते. त्या दोन वर्षांत जे साधले ते पुढील प्रयत्नाची शिदोरी असते.

याचे एक उदाहरण परदेशातील आहे, तरी ते ध्यानात ठेवण्याजोगे आहे. अमेरिकेतील ॲक्रन या शहरी १९३५ मध्ये बिल विल्सन हा नुकतीच दारू सोडलेला गृहस्थ व्यवसायातील अपयशाने खचून एका हॉटेलात एकटा उभा होता. जवळच मद्यगृह होते. ओढ वाढू लागताच त्याने आपल्यासारख्याच दुसऱ्या पीडिताचा शोध दूरध्वनीवरून घेतला. अशा रीतीने त्याची भेट डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी झाली. या भेटीने डॉ. स्मिथ यांनी दारू सोडली. पण काही आठवड्यांतच एका वैद्यकीय परिषदेस गेले असता ते पुन्हा प्याले. परत आल्यावर विल्सनने त्यांना टाकले नाही. १० जून १९३५ हा त्यांच्या अखेरच्या पेल्याचा दिवस मानला जातो, आणि 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही आज जगभर पसरलेली संघटना तोच दिवस आपला स्थापनादिन मानते. एका पतनानंतर एका माणसाने दुसऱ्याला जवळ ठेवले, आणि त्या दिवसापासून ही संघटना आपली वर्षे मोजते.

पतनानंतरच्या दिवसांत शरीराचा धोकाही ओळखला पाहिजे. काही काळ व्यसन बंद राहिल्याने शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. अफूजन्य पदार्थांच्या बाबतीत पूर्वीचीच मात्रा घेणे प्राणघातक ठरू शकते. तसेच अनेक दिवस सतत मद्य घेतल्यावर ते एकदम तोडल्यास झटके येणे, भ्रम होणे असे गंभीर प्रकार उद्भवतात. म्हणून केवळ शपथेवर विसंबून घरी कोंडून ठेवणे योग्य नव्हे. डॉक्टरांचा आश्रय घ्यावा. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणासारखी केंद्रे महाराष्ट्रात आहेत. तेथे जाणे हे उपदेशाच्या विरुद्ध नाही.

दोन लीळांचा बोध

पतिताशी कसे वागावे, याविषयी म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्रातील दोन लीळा मार्गदर्शक आहेत. एकांकात भरवस येथील द्यूतक्रीडेचा प्रसंग येतो. ईश्वराच्या लीळेला जीवाच्या व्यसनाचे माप लावता येत नाही. परंतु त्या प्रसंगी कमळाइसांनी आपले अलंकार देण्यास नकार दिला, हे गृहस्थाने लक्षात घ्यावे. व्यसनासाठी पैसा न देणे, खोटे बोलून पांघरूण न घालणे, यात प्रेमाचा अभाव नाही. दुसरी लीळा सशाची. पारध्यांच्या कुत्र्यांपुढे धावणारा ससा सर्वज्ञांच्या मांडीखाली शिरला आणि शरण आलेल्याला स्वामींनी परत दिले नाही. ससा कोठून आला, किती वेळा पकडला गेला होता, याची चौकशी तेथे झाली नाही. तो धावत असतानाच आश्रयाला आला, एवढे पुरेसे होते.

या दोन लीळा एकत्र ठेवल्या म्हणजे परमार्गीयांचे कर्तव्य स्पष्ट होते. व्यसनाला नकार आणि व्यसनी जीवाला आश्रय, ही दोन्ही एकाच वेळी दिली पाहिजेत. आश्रमाच्या दाराशी रात्री उभा राहिलेला मनुष्य पडून आला आहे की पडण्याच्या भयाने आला आहे, हे विचारण्याआधी त्याला आत बसवावे, पाणी द्यावे आणि त्याच्यासमवेत नामस्मरण करावे. दोषनिवेदन व प्रायश्चित्त यांना सकाळ आहे. इत्यलम्.